पिंगळीला हरवायचं कसं

३ फेब्रुवारी

मामा,

वाकून नमस्कार. पाठ सरळ ठेवून गुडघ्यातून वाकलेय, पेशंटना शिकवते तशी. नाहीतर तुम्ही म्हणाल, लोकांच्या कमरा नीट करते आणि स्वतःची मोडून घेते.

फोन केला नाही. तुम्हाला ऐकू जाईल एवढं ओरडले तर आमच्या दोन खोल्यांत सगळ्यांना ऐकू जाईल. सगळ्यांना म्हणजे पिंगळीला, आणि हे तिच्या कानावर जायला नको आहे.

लग्नाला वर्ष होत आलं. हे ट्रक घेऊन सारखे बाहेर. घरात मी आणि ह्यांची मुलगी. तिचे बाबा तिला पिंगळी म्हणतात, पिंगळा घुबडासारखी गोल डोळ्यांनी, पापणी न हलवता बघते म्हणून. वय चौदा. आई जाऊन तीन वर्षं झाली. माझ्याशी ती भांडत नाही. भांडली असती तर बरं झालं असतं, भांडणाला निदान दोन माणसं लागतात. "हो", "नको" आणि "ठेवलंय तिथेच" एवढ्यावर आमचा संसार चाललाय. मला ती हाकच मारत नाही. काही हवं असलं तर समोर येऊन उभी राहते.

आता तिची आजी, आईची आई, म्हणतेय की परीक्षा झाली की पोरीला कायमची तिच्याकडे पाठवा. ह्यांनी ते पिंगळीवरच सोडलंय. पिंगळी म्हणाली, परीक्षा झाली की सांगते. तिनं जाऊ नये असं मला वाटतं. का, ते नीट सांगता येत नाही. दिवसभर लोकांचे गुडघे वाकवून परत येते तेव्हा खिडकीत दिवा लागलेला असतो, एवढंच सांगता येईल.

ती शाळेतून आली की बाहेरच्या खोलीत टीव्हीवर तो मारामारीचा खेळ खेळते. दोन गडी समोरासमोर, ठोसे, लाथा, वरची कोणाची तरी जिवाची पट्टी संपते आणि तो आडवा होतो. समोर जगातलं कोणीतरी असतं, ते कोण हे कळत नाही. परवा मी मागे उभी राहून बघत होते. तिनं मान न वळवता विचारलं, "खेळता येतं?" तिनं आपण होऊन मला विचारलेली पहिली गोष्ट. आणि मी म्हटलं, नाही गं. ती परत पडद्याकडे वळली.

तुम्ही आयुष्यभर ती नाणं टाकून खेळायची यंत्रं दुरुस्त केलीत आणि तपासता तपासता स्वतः पक्के झालात. मला शिकवा. अगदी पहिल्यापासून. बटण कुठलं हेही मला माहीत नाही असं धरून चाला.

तुमची
भिंगरी


१० फेब्रुवारी

भिंगरे,

पत्र मिळालं. मामी म्हणाली, "मारामारीचं विचारणारी एक तरी सापडली, आता आठवडाभर जेवायला हाक मारायला नको." तुला आशीर्वाद मात्र दोघांचे.

आता ऐक. पडद्यावर चाळीस-एक गडी उभे असतात. कोणाच्या हातात साखळी, कोणाच्या अंगातून वीज निघतेय. नवा माणूस दुकानातल्या साड्यांसारखे सगळे उलगडून बघतो आणि एकही नेसत नाही. तू एक निवड आणि त्याच्याशीच संसार कर. रुंद खांद्यांचा, साधा, बघायला कंटाळवाणा असेल तो घे. दिखाऊ गड्यांचे नखरे सांभाळण्यातच सगळा वेळ जातो.

मारणं नंतर. आधी मार अडवायला शिक. समोरच्याच्या उलट दिशेला बटणांशेजारची दांडी धरून ठेवलीस की तुझा गडी हात आडवे धरतो. उभा असला तर वरचा मार अडतो, बसला तर खालचा. एक संध्याकाळ नुसतं अडवण्यात घालव. एकही ठोसा मारू नकोस. हात शिवशिवतील, शिवशिवू दे.

सगळी बटणं एकदम बडवायची नाहीत. गॅस पेटेना की मामी सगळ्या चाव्या फिरवते, तसं होतं. एखादवेळी भडका उडतो आणि वाटतं, जमलं.

उड्याही मारू नकोस. नवशिक्याला उडीचा फार सोस. पण एकदा हवेत गेलं की दिशा बदलता येत नाही, आणि खालचा माणूस निवांत मूठ वळून उभा असतो.

मग मारायचं कधी? समोरच्यानं मोठा फटका काढला आणि तू तो अडवलास, की त्याचा तोल जातो. तेवढा डोळा लवण्याइतका वेळ तुझा. तिथे शहाणपणा करायचा नाही. एक साधा ठोसा. पुढे त्याला दुसरा जोडायचा, मग तिसरा. तिन्ही ठोशांची माळ हाताला पाठ झाली पाहिजे, डोक्याला नव्हे. तुझं डोकं संध्याकाळी दमलेलं असणार, हात त्यातल्या त्यात कामाचे राहतात.

आणि हरशील. मरेस्तोवर हरशील. हरल्यावर स्वतःला एकच विचार, कशानं मेले? एकच कारण शोध, तेवढंच दुरुस्त कर. दहा कारणं घेऊन बसलीस तर झोप जाईल आणि दहाच्या दहा तशीच राहतील. मी यंत्रं अशीच दुरुस्त केली. एका वेळी एकच तार.

माझा उजवा अंगठा सकाळी जुन्या बिजागरीसारखा वाजतो. त्यावर काही असेल तर कळव. फुकटचा वैद्य घरात असून उपयोग काय?

मामा


२४ फेब्रुवारी

मामा,

अंगठ्याचं आधी. कोमट पाण्यात बुडवा, चोळू मात्र नका. मग अंगठा करंगळीच्या बुडाला लावा, सोडा, परत लावा. दुखायच्या आधी थांबायचं. "अजून एकदा" हा तुमच्या घराण्याचा रोग आहे, तो इथे चालवू नका.

खेळाची सोय झाली. आमच्या विभागात हाताच्या पेशंटसाठी असाच एक खेळ ठेवलाय, बोटं चालावीत म्हणून. सगळे गेले की मी तिथे बसते. गडी तुमच्या सांगण्यावरून घेतला, इतका साधा की त्याच्या तोंडाकडे बघून जांभई येते. पहिली संध्याकाळ नुसतं अडवलं. झाडूवाल्या बाई बघून म्हणाल्या, "ताई, तुम्हाला बडवतायत की ओ, तुम्ही काही करा ना." मी म्हटलं, मामांनी मनाई केलीय.

मनगट मोडून बरे होत आलेले एक ग्रंथपाल काका माझ्याशी खेळतात. मोठे सभ्य गृहस्थ, पण खेळात दया-माया नाही. आता त्यांचं असं झालंय की मी अडवून बसले की ते सरळ चालत येतात, माझी गचांडी धरतात आणि आपटतात. अडवलेलं असताना आपटता कसं येतं? हा कुठला न्याय?

आज सात पेशंट जास्तीचे होते. पत्र लिहिता लिहिता पेन दोनदा सुटलं हातातून. पिंगळी आत अभ्यास करतेय. जेवताना मी विचारलं, चाचणीचा पेपर कसा गेला. ती म्हणाली, गेला.

भिंगरी


३ मार्च

भिंगरे,

न्याय बरोबर आहे. नुसतं अडवून कोणाला हरवता आलं असतं तर जो तो दाराला कडी लावून बसला असता. म्हणून खेळानं हे ठेवलंय की कडी लावून बसलेल्याला उचलून बाहेर काढता येतं. काका धरायला आले की त्याच क्षणी तूही त्यांना धर. झटापट होते आणि दोघं सुटतात. पण ते येताना दिसले पाहिजेत. म्हणजे आता तू आपल्या गड्याकडे बघणं बंद कर. आपला गडी कुठे आहे ते आपल्याला माहीत असतं. नजर समोरच्यावर.

ग्रंथपाल काकांना माझा नमस्कार सांग. सभ्य माणसानं पूर्ण ताकदीनं खेळावं हेच सभ्यपण.

अंगठा थोडा कमी वाजतो. मी "अजून एकदा" केलं होतं, ते मामीनं तुला कळवायच्या आत मीच कळवतो.

आता पिंगळीसमोर बसायला हरकत नाही. हरशीलच, पण बघण्यासारखी हरशील.

मामा


१७ मार्च

मामा,

बसले. मंगळवारी कामावरून आले, चपला काढल्या आणि चहा न घेता तिच्या शेजारी बसून म्हटलं, एक डाव देतेस का? तिनं पिंगळीसारखंच बघितलं आणि दुसरा कंट्रोलर दिला.

तिचा गडी एक बारीक पोरगी आहे, वाऱ्यासारखी. पहिल्या डावात मला काही दिसलंच नाही. दुसऱ्यात तिचा मोठा फटका मी अडवला आणि माळ पुरी केली. ती थांबली. कोणी शिकवलं म्हणाली. मी म्हटलं, माझ्या मामांनी. तिनं तुमचं वय विचारलं, मी सांगितलं, आणि मामा, ती नाकातून हसली. आमच्या घरात हसण्याचा आवाज आला.

तेव्हापासून रोज खेळतो. बोलणं फार नाही, पण जे आहे ते खरं आहे. "तुम्ही घाबरलात की खाली बसता" असं ती म्हणाली. माझ्याबद्दल तिनं एवढं बघून ठेवलंय हे मला माहीत नव्हतं.

शनिवारी मात्र मी जिंकले. तीन डावांतले दोन. ती कंट्रोलर ठेवून आत गेली. मला वाटलं, एवढं कमावलेलं मी एका संध्याकाळी घालवते की काय. मग काल मी जरा कामातली युक्ती वापरली. आम्ही पेशंटच्या हाताला हात लावून विरोध करतो, तो जोर लावतो, आणि शेवटी आपण किंचित सैल सोडायचं, कळेल न कळेल असं. त्याला वाटतं आपण ढकललं. चेहरा उजळतो, दुसऱ्या दिवशी तो न चुकता येतो. काल शेवटच्या डावात मी तसंच केलं. ती जिंकली. उठताना "छान झाला" म्हणाली.

आता जमेल असं वाटतंय. पहिल्यांदाच वाटतंय.

भिंगरी


२१ मार्च

भिंगरे,

पत्र वाचलं आणि लगेच लिहायला बसलो. मामी ताट घेऊन उभी आहे, राहू दे.

ते सैल सोडणं ताबडतोब बंद कर. पेशंटचा हात मोडलेला असतो म्हणून ते औषध. पिंगळीचा हात धडधाकट आहे. शनिवारी ती आत गेली ती रुसून गेली असं तुला कोणी सांगितलं? मीसुद्धा हरलो की आत जातो. भिंतीकडे तोंड करून विचार करतो, कशानं मेलो? तिला तेवढा वेळ दे.

आणि त्या पोरीला आजवर किती जणांनी सैल सोडलं असेल, ह्याचा एकदा विचार कर. तिला सांगून टाक. आपण होऊन सांगितलेलं निभावतं.

मामा


२३ मार्च

मामा,

तुमचं पत्र आज आलं. काल यायला हवं होतं.

हा खेळ झालेले सामने साठवून ठेवतो हे मला माहीत नव्हतं. परत बघता येतात, आणि कुठलं बटण कधी दाबलं तेही बाजूला दिसतं. पिंगळी जिंकलेले सामने बघत नाही, हरलेलेच बघते. पण मी सोडलेला तो बघितला, कारण तो तिला आवडला होता. शेवटी तिचा फटका आला तेव्हा मी अडवायला हवं होतं, आणि माझ्या बाजूला काहीच नव्हतं. बोटं नुसती बाजूला ठेवलेली.

मी कामावरून आले तर तिनं तेवढाच तुकडा टीव्हीवर थांबवून ठेवला होता. मी काहीतरी बोलायला गेले. दमले होते, म्हटलं, लक्ष नव्हतं. तेव्हा ती बोलली. ओरडली नाही.

"आई गेल्यापासून सगळे मला जिंकू देतात. बाई मार्क वाढवतात, भावंडं पत्त्यांत हरतात. इथे समोरच्याला माहीतच नसतं मी कोण ते, म्हणून मी हे खेळते. आता तुम्हीपण."

मग तिनं पिशवी भरली. परीक्षेपर्यंत थांबायचं नाही म्हणाली. आजीचं घर दोन बसथांब्यांवर आहे, पोचवायला येऊ का विचारलं तर नको म्हणाली. ह्यांना फोन केला, ते कुठल्यातरी घाटात होते, आवाज तुटत होता. एवढंच ऐकू आलं की राहू दे तिला, तू दमलीयेस, झोप.

लक्ष नव्हतं असं मी का म्हटलं, मामा? त्या सोडण्यापेक्षा ते वाईट होतं. आता काय करू ते सांगा.

भिंगरी


२९ मार्च

भिंगरे,

आता काय करू ते मला माहीत नाही. यंत्राची तार तुटली तर मी सांगू शकतो. ही तार तशी नाही.

मामीला विचारलं. ती म्हणाली, दोघंही दमलेल्या माणसांसारखं लिहिताय, दमलेल्यानं आधी जेवावं. ते मात्र कर. खिडकीत दिवा नाही म्हणून उपाशी झोपू नकोस.

माफी मागायला आजीच्या दारात जाऊ नकोस असं मला वाटतं. तिथे चार माणसं गोळा होतील आणि तिला तुला माफ करावंच लागेल, म्हणजे परत तेच. खरं काय ते दोन ओळींत तिला फोनवर लिहून पाठव आणि उत्तराची वाट बघू नकोस.

खेळ सोडू नकोस. तिच्यासाठी म्हणून नव्हे. तुला तो आवडायला लागला होता, मला अक्षरावरून कळत होतं. माणसाला दिवसभर दुसऱ्याचे हात-पाय सांभाळल्यावर स्वतःचं एवढं तरी असावं. आणि ती कधी परत बसली समोर, तर भिंगरे, सगळी ताकद लाव. ती परत गेली तरी चालेल. पण ज्या माणसाला सोडून गेली तो माणूस खरा होता, एवढं तिला कळू दे.

आम्ही दोघं बरे आहोत. कुशल कळव, नसलं तरी कळव.

मामा


२४ एप्रिल

मामाआजोबा,

मी पिंगळी. आपण भेटलेलो नाही. तुमची भाची म्हणाली, मामांना तूच कळव. तिच्या विभागात दोघीजणी रजेवर आहेत आणि ती त्यांचेही पेशंट बघते. खरं म्हणजे ती पत्र लिहायला बसली की तिला झोप लागते.

आजीकडे मी होते. आजी चांगली आहे. पण तिथे मी स्वतःचं ताट उचललं तरी तिघं धावतात. तिथली माझी मामी माझ्यासमोर स्वतःच्या मुलांना रागवत नाही, आत नेऊन रागवते. तिथे सगळेच सैल सोडतात. तुमच्या भाचीनं मला मेसेज केला होता की लक्ष होतं, मुद्दाम सोडलं, आणि नंतर खोटं बोलले. मी उत्तर दिलं नाही. पण असं लिहिणारं दुसरं कोणी मला आठवेना.

भूगोलाचं पुस्तक राहिलं होतं म्हणून घरी गेले. ती बाहेरच्या खोलीत खेळत होती, कोणा अनोळखी माणसाशी, आणि भयंकर हरत होती. मला वाटलं, आता उठेल, चहा विचारेल, कदाचित रडेल. ती म्हणाली, "थांब जरा, ह्याला संपवते." संपवलं त्यानंच. मग तिनं दुसरा कंट्रोलर माझ्याकडे सरकवला.

त्या दिवशी तिनं मला हरवलं. मी आत जाऊन बसले. बाहेर आले तेव्हा तिनं जेवण गरम केलं होतं आणि स्वतःचं जेवून घेतलं होतं, माझ्यासाठी थांबली नव्हती. ते मला आवडलं. नंतर मी सामना परत बघितला. शेवटपर्यंत तिची बोटं चालू होती. बरीचशी चुकीच्या बटणांवर, पण चालू होती.

मग मी रोज यायला लागले. आजी म्हणाली, रोज तिकडेच जायचं तर पिशवी इथे कशाला ठेवतेस. म्हणून पिशवी परत आणली. काल परीक्षा संपली. सांगते म्हटलं होतं ते सांगितलं. सुट्टीत आजीकडे जाईन, राहीन इथे. बाबा फोनवर म्हणाले, पुढच्या मुक्कामाला गाडी धुऊन घेतो. का ते कळलं नाही.

आता ज्यासाठी लिहितेय ते. काल संध्याकाळी आम्ही खेळत होतो. एक डाव तिचा, एक माझा, तिसरा चालू. माझी पट्टी जवळजवळ संपलेली आणि तिचीही. मी पुढे गेले तर तिचा गडी हलेना. अडवेना, बसेना. मला इतका राग आला. वाटलं, परत तेच. कंट्रोलर फेकणार होते. मग शेजारी बघितलं, तर ती बसल्या बसल्या झोपली होती. तोंड उघडं, अंगठा बटणावरच.

एक ठोसा पुरला असता. मी सामना थांबवला आणि टीव्ही बंद केला, मशीन चालू ठेवलं. तिच्या हातातून कंट्रोलर काढायला गेले तर तिनं तो घट्ट धरला, म्हणून तसाच राहू दिला.

हे सैल सोडणं समजू नका. ती आज साडेसहाला येईल. तिला तोंड धुवायला सांगेन, आणि मग मारीन.

पिंगळी